पाहुण्यांना प्रवेश बंद

२०२५ सालच्या चवथीची गोष्ट. आदल्या दिवशी मी माहेरी, पेडण्याकडच्या आमच्या गावी गेले होते. ओसरीत दादा स्टुलावर उभा राहून माटोळी बांधत होता. खाली वहिनी नारळाची पेंड, आंबाडे, तोरिंजन एकेक करून वर देत होती. मी मात्र भटाची वाट बघत बसावं तशी लॅपटॉप उघडून कोपऱ्यात बसले होते. पलीकडच्या खोलीतल्या दादाच्या कॉम्प्युटरवर बाबांच्या वह्या आहेत. त्या मला माझ्या लॅपटॉपवरून उघडायच्या होत्या.

दोन उलट्या तिरप्या रेघा मारल्या, त्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकला, फोल्डरचं नाव लिहिलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर इंग्रजीत जे उमटलं त्याचा मथितार्थ असा : तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार ओळख न पटलेल्या पाहुण्यांना प्रवेश बंद आहे.

माझी कसली आलीय संस्था? लॅपटॉप माझा, पैसे माझे. घर माहेरचं, वह्या बाबांच्या. आणि मी पाहुणी! हसू आलं. मग थोड्या वेळाने ते हसू जरा घशात अडकलं. का, ते सांगते. पण त्याआधी वह्यांविषयी.

बाबा आमच्या देवळाच्या उत्सवी नाटकांचे प्रॉम्प्टर. उभ्या आयुष्यात रंगमंचावर एकदाही पुढे आले नाहीत. विंगेत कंदील घेऊन बसायचे आणि सगळ्यांचे संवाद सांगायचे. गावात कुणी 'सौभद्रा'तला कृष्ण म्हणून ओळखला जाई, कुणी 'संशयकल्लोळा'तला फाल्गुनराव म्हणून. बाबांना कुणी तसं ओळखत नसे, पण त्यांच्यावाचून पडदाही वर जात नसे. त्यांनी चौदा वह्या भरून ठेवल्या. कोणत्या साली कोणतं नाटक, कुणाची कोणती भूमिका, पेटीवर कोण, पेट्रोमॅक्सचं भाडं किती, कुठला प्रवेश कापला आणि का. मजकूर सगळा मराठीत आणि समासातले शेरे कोंकणीत. विशेषतः कुणी संवाद विसरला असेल तर तो शेरा शुद्ध, अस्सल कोंकणीत! आमच्या घराची रीतच ती. बोलायचं कोंकणीत, लिहायचं मराठीत. दोन्हींमध्ये ये-जा करताना आम्हाला कधी दार उघडावं लागलं नाही.

बाबा २०१८ साली गेले. पुढच्या वर्षी घराचे कागद झाले. आमच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून मुलीला मुलाइतकाच वारसाहक्क आहे, हे तुम्हाला मी नव्याने सांगायला नको. दादाने काही मागितलं नाही, मीच हक्क सोडला. नोटरीसमोर मी सही केली, यजमानांनीही केली. त्याबद्दल मनात किल्मिष नाही. पण त्यानंतर माहेरी गेले की पाण्याचा तांब्या कुठे ठेवलाय हे विचारून घ्यायला लागले, एवढं मात्र खरं. पूर्वी विचारत नव्हते.

वह्या तशाच पेटीत होत्या. वाळवीने एकीचा कोपरा खाल्ला तेव्हा भाच्याने मनावर घेतलं. कॉलेजातला मुलगा, कॉम्प्युटरात डोकं चालतं. त्याने सगळी पानं स्कॅन केली आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवली. तो कॉम्प्युटर विंडोजच्या नव्या आवृत्तीला पेलेना म्हणून त्याने त्यावर लिनक्स घातलेलं. माझ्याकडे विंडोज. पानांची सूची करायचं काम माझ्याकडे आलं, कारण कारकुनाला दुसरं येतं काय!

इथून खरा विषय सुरू होतो. एकाच घरात, एकाच वायफायवर दोन कॉम्प्युटर. एक विंडोजचा, एक लिनक्सचा. एकाचं कपाट दुसऱ्याला उघडता येत नाही, असं का?

मी कलाशाखेची पदवीधर, तेव्हा मला समजलं तसं सांगते. दुसऱ्या कॉम्प्युटरवरची फाइल हवी असेल तर ती मागावी लागते, आणि मागायची एक ठरलेली भाषा असते. 'मी अमुक, माझा परवलीचा शब्द अमुक, मला तमुक फोल्डरातली यादी द्या, ही फाइल उघडा, एवढा मजकूर वाचा, आता बंद करा.' विंडोजच्या जगात या भाषेचं नाव एसएमबी. ती मूळची विंडोजचीही नव्हे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम या गृहस्थांनी तिचा पाया घातला, मायक्रोसॉफ्टने ती पुढे वाढवली. लिनक्सचं कूळ युनिक्सचं. तिथल्या चालीरीती वेगळ्या. साधी तिरपी रेघ घ्या. युनिक्सवाले फोल्डरांची नावं वेगळी करायला उजवीकडे झुकणारी रेघ वापरतात. डॉसमध्ये ती रेघ आधीच दुसऱ्या कामाला लावली गेली होती, म्हणून १९८३ साली डॉसमध्ये फोल्डर आले तेव्हा त्यांना उलटी रेघ घ्यावी लागली. ती उलटी रेघ आजही आपण मारतोय.

मग या दोघांमध्ये दुभाषी कोण? त्याचं नाव सांबा. 'शोले'त कड्यावर बंदूक घेऊन बसलेला तो नव्हे! ही कथा ऐकण्यासारखी आहे.

१९९१ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा एक विद्यार्थी पीएचडी करत होता. त्याला आपल्या डॉसच्या पीसीवरून विभागातल्या युनिक्स यंत्रावरच्या फाइली हव्या होत्या. डिजिटल कंपनीची एक प्रणाली त्याच्या पीसीवर होती, पण तिची भाषा कशी चालते याचे कागद त्याच्याजवळ नव्हते. त्याने काय केलं? ऐकलं. तारेवरून दोन यंत्रं काय बोलतात ते टिपून घेतलं. या यंत्राने असे अंक पाठवले की ते यंत्र तसे अंक परत देतं, असं बघत बघत त्याने स्वतःचा सर्व्हर लिहून काढला. ती भाषा मायक्रोसॉफ्टवालेही बोलतात, हे त्याला नंतर कळलं.

या पद्धतीचं वर्णन त्याने पुढे एका फ्रेंच कॅफेच्या दृष्टान्ताने केलं. तुम्हाला फ्रेंच येत नाही. तुम्ही कॅफेत एका टेबलाशी बसता. शेजारचा माणूस काही बोलतो आणि त्याच्यापुढे वेटर पाव आणून ठेवतो. तुम्ही ते शब्द लिहून ठेवता. दुसरा दुसरं काही बोलतो, त्याला कॉफी मिळते. तेही लिहिता. मग स्वतः बोलून बघता. चुकीचं आलं तर दुरुस्ती. असं करत करत एक दिवस तुम्हाला हवं ते मिळायला लागतं. मला हे वाचताना आमच्या आजीची आठवण झाली. ती पोर्तुगीज एक अक्षर शिकली नव्हती. पण रेजिदोराच्या ओट्यावर काय बोललं की काम होतं, हे तिला नेमकं ठाऊक होतं!

नावाचीही गंमत आहे. ट्रिजेलने आधी ठेवलेलं नाव दुसऱ्या एका कंपनीचं निघालं, तिची १९९४ साली नोटीस आली. तेव्हा त्याने कॉम्प्युटरमधल्या शब्दसंग्रहात एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले. जी चार-दोन नावं निघाली त्यांत एक ब्राझीलचा नाच होता, सांबा. तेच ठेवलं.

पण नुसतं ऐकून किती वर्षं चालणार? भाषा बोलणाऱ्याने दर आवृत्तीत नवे शब्द घातले तर ऐकणाऱ्याने काय करावं? हे प्रकरण युरोपात गेलं. २००४ साली युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि इतरांच्या सर्व्हरना बोलता येईल एवढी माहिती खुली करा, असं सांगितलं. अपील झालं, २००७ च्या सप्टेंबरात कोर्टाने निर्णय कायम केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दहा हजार युरो एकरकमी भरून सांबावाल्यांना कागद मिळाले. सोळा वर्षं कान देऊन शिकलेल्या भाषेचं व्याकरण शेवटी हातात आलं. नंतर तर दोन्हीकडचे इंजिनिअर एका टेबलाशी बसून आपापले प्रोग्रॅम तपासू लागले.

आता माझ्या पाहुणेपणाकडे येते.

एसएमबीची पहिली आवृत्ती फार भोळी होती. त्या काळचं नेटवर्क म्हणजे एका कचेरीतल्या आठ-दहा यंत्रांचं, सगळे ओळखीचे. आपल्याकडे पूर्वी दाराला दिवसा कडी नसायची तसं. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने याच पहिल्या आवृत्तीतल्या एका फटीतून जगभरच्या कॉम्प्युटरांत शिरून फाइली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या इस्पितळांचं काम अडलं. फट बुजवणारी दुरुस्ती दोन महिने आधी आली होती, पण कित्येकांनी ती लावलीच नव्हती. त्याच वर्षाच्या शेवटी विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत एसएमबीची पहिली आवृत्ती मुळात घालायचीच बंद झाली. मग हळूहळू इतर कड्याही लागल्या. २०२४ सालच्या विंडोज ११ च्या प्रो आवृत्तीत दोन गोष्टी आल्या. एक, प्रत्येक निरोपावर सही हवी. दोन, 'पाहुणा' म्हणून कुणाच्या फोल्डरात जाणं बंद.

ही सही म्हणजे आपली शाईची नव्हे. निरोप वाटेत कुणी बदललेला नाही हे पटवणारी खूण. ती खूण परवलीच्या शब्दावरून तयार होते. पाहुण्याला परवलीचा शब्दच नसतो, मग त्याची सही होणार कशी? सरकारी कचेरीत वीस वर्षं काढलेल्या बाईला हे पटायला वेळ लागला नाही. सही नसलेला कागद मीसुद्धा पुढे सरकवत नाही.

भाच्याने काय केलं होतं? फोल्डर सगळ्यांना खुला ठेवला होता. पाहुणा म्हणून या, वाचा आणि जा. घरातल्या मोबाइलना ते चालत होतं, माझ्या जुन्या लॅपटॉपलाही चाललं. नवा लॅपटॉप म्हणाला, नाही.

मी त्याला हाक मारली. तो म्हणाला, ''आत्या, सोपं आहे. तुझ्या लॅपटॉपवर एक सेटिंग बदलतो, मग पाहुणे चालतील.''

मी म्हटलं, ''बदल बाबा.'' मला सूची करायची होती, तत्त्वज्ञान नव्हे.

तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला. दादाच्या तोंडात सुतळी होती, ती काढून तो म्हणाला, ''बायचें नांव घाल मरे तातूंत.''

बाय म्हणजे मी. घरातलं नाव. वहिनीने त्याच्याकडे बघितलं नाही, मीही नाही. तो पुन्हा माटोळीकडे वळला. आमच्याकडे एवढंच बोलतात.

भाचा पाच मिनिटांत काम करून आला. आधी लिनक्सवर माझ्या नावाचं खातं, मग सांबामध्ये त्याच नावाचा वेगळा परवलीचा शब्द. दोनदा का, असं मी विचारलं. परवलीचा शब्द साठवून ठेवायची लिनक्सची पद्धत वेगळी आणि विंडोजला कळणारी वेगळी, एकावरून दुसरी काढता येत नाही. म्हणून दुभाष्याला स्वतःची वही ठेवावी लागते. खात्याचं नाव त्याने रोमन लिपीतल्या तीन अक्षरांत ठेवलं होतं, 'बाय'. मी ते टाइप केलं, शब्द टाकला, आणि दार उघडलं.

आत गेल्यावर मात्र दोन चमत्कार दिसले. ज्यांना घरच्या जुन्या कागदांचं असलं काम करायचं आहे त्यांनी हे नीट वाचावं.

पहिला : काही फाइलींची नावं मराठीत नीट दिसत होती आणि काहींच्या जागी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मध्ये एक नागमोडी रेघ, असं काहीतरी अगम्य. वाटलं, बिघडल्या. बिघडल्या नव्हत्या. भाच्याने नावं दिली होती 'सौभद्र : अंक १' अशी. लिनक्सला विसर्गासारखी दोन टिंबं चालतात. विंडोजला फाइलीच्या नावात ती चालत नाहीत. प्रश्नचिन्ह, तारा, उभी रेघ, दुहेरी अवतरण हेही चालत नाही. मग सांबा बिचारा करतो काय, विंडोजला पचेल असं एक तात्पुरतं नाव बनवून देतो. दोन टिंबांच्या जागी साधी आडवी रेघ घातली, नावं जागेवर आली. इंग्रजी नावांत लहान-मोठ्या अक्षरांचाही घोळ होतो, कारण लिनक्स त्यांना वेगळं मानतं आणि विंडोज एकच. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही, तेवढी पीडा आपल्याला नाही.

दुसरा चमत्कार खास आपला, मराठीचा. फोल्डरात 'गावकऱ्यांची नाटकं' या नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी! अक्षर न् अक्षर सारखं. एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर राहू शकत नाहीत, हे मला एवढ्या वर्षांत पक्कं ठाऊक. एकात भाच्याची पानं, दुसऱ्यात मी पेनड्राइव्हवरून आणून दिलेली सूची. रिकामी जागा कुठे जास्त पडली का ते बघितलं, नाही. शेवटी भाच्याने नावं अंकांत उलगडून बघितली आणि गुन्हेगार सापडला. तो होता 'ऱ्य'.

'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक आपल्याला शाळेपासून शिकवलेला. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. हा पापणीसारखा अर्धा र हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. युनिकोडमध्ये तो लिहायच्या दोन रीती आहेत. एकीत खाली टिंब असलेला वेगळा ऱ घ्यायचा, त्याला हलन्त द्यायचा आणि पुढे य. माझा इन्स्क्रिप्ट कळफलक तसा लिहितो. दुसरीत साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. भाच्याचा कळफलक तसा लिहीत होता. पहिलीत तीन खुणा, दुसरीत चार. पडद्यावर दोन्हींची पापणी तीच. पण कॉम्प्युटर पापणी बघत नाही, खुणा मोजतो. त्याच्या लेखी ही दोन नावं. (मॅकच्या जुन्या फाइलव्यवस्थेत तर ऱ साठवतानाच र आणि टिंब असा फोडला जायचा, म्हणजे तिसरा प्रकार!)

हे कळल्यावर मी हादरलेच. कचेरीत 'कर्मचाऱ्यांची यादी' शोधताना ती कधी सापडते, कधी सापडत नाही, याला मी वर्षानुवर्षं माझं नशीब समजत होते. शेतकरी, अधिकारी, गावकरी, वाटेकरी... अनेकवचनी झाले की सगळ्यांच्या कपाळी तोच ऱ्य! १९८७ च्या कायद्याने गोव्यात देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीचा वापरही सरकारी कामात राहिला. त्यासाठी माणसं रस्त्यावर आली, जीव गेले. पण या पापणीच्या खुणा तीन का चार, याचा निवाडा आपण आपल्या कचेऱ्यांत, छापखान्यांत, शाळांत कधी केला का? माझ्या पाहण्यात तरी नाही. भाषा टिकवायची म्हणजे असली बारीकसारीक कामंही कुणीतरी बसून करायची असतात. विंगेत कंदील धरून बसण्यासारखी.

आम्ही दोघांनी ठरवलं की टिंबाचा ऱ वापरायचा. दोन्ही फोल्डर एक केले. त्यात रात्र झाली. वहिनी दोनदा जेवायला हाक मारून गेली.

तुमच्यापैकी कुणी असं काही करणार असाल तर अनुभवाने चार गोष्टी सांगते. फाइलीच्या नावात दोन टिंबं, प्रश्नचिन्ह घालू नका. ऱ्य लिहायची रीत घरातल्या सगळ्यांनी एकच ठेवा. जुनं यंत्र बोलत नाही म्हणून एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करू नका, यंत्रावरचा सांबा नवा करा. आणि दार सताड उघडं ठेवण्यापेक्षा ज्याला यायचं त्याच्या नावाने खातं उघडा. वेळ पाचच मिनिटं लागतो.

वह्यांचं सांगायचं राहिलं. सूची करताना मी रकाने पाडले : साल, नाटक, भूमिका, नट, पेटी, तबला, खर्च. चौदाही वह्या उलटल्या. पेट्रोमॅक्सवाल्याचं नाव आहे, पडदा ओढणाऱ्या पोराचं आहे, चहा देणाऱ्या म्हातारीचंही आहे. प्रॉम्प्टरचं कुठेच नाही. लिहिणाराच तो, स्वतःचं नाव कशाला लिहील? मी एक रकाना वाढवला आणि बत्तीस सालांपुढे बत्तीस वेळा बाबांचं नाव घातलं. एकदा लिहून खाली चिकटवत जाता आलं असतं. मी प्रत्येक वेळी टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी गणपती बसल्यावर भाच्याने त्याच्या पडद्यावर सूची उघडून दाखवली. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीपुढे तिच्या मालकाचं नाव असतं. स्कॅन केलेल्या पानांपुढे त्याचं होतं, सूचीपुढे 'बाय'. दादा आरतीची ताटं घेऊन जाता जाता थांबला, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, सातव्या वहीत तू फाल्गुनराव चुकीचा लावलायस, त्या साली मी होतो.

बघितलं तर खरंच तो होता. दुरुस्त केलं.